न केलेली तार

११ नोव्हेंबर १९७३, रविवार

पहिली पाळी. रजेनंतर आज पहिल्यांदा कामावर गेलो. तपासणीच्या टेबलावर आठ दिवसांचा माल साचला होता. गिअरचे दात मोजायचे, मापात बसले तर डावीकडे ठेवायचे, नाही बसले तर उजवीकडे. जेवणाच्या सुट्टीत कोणी फार बोललं नाही. साडेतीनला सुटलो. घरी येऊन भात केला.

आई जाऊन आठ दिवस झाले.

ही डायरी कंपनीने जानेवारीत दिली होती, कोरीच पडली होती. मला लिहायची सवय नाही. पत्रं तेवढी लिहितो, तीही आईची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती सांगायची, मी लिहायचो आणि मॉस्कोला जयसिंगला पाठवायचो. जयसिंग माझा धाकटा भाऊ. नाटकाचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर तिकडे गेला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. पहिलं वर्ष नुसतं रशियन शिकण्यात गेलं. येत्या जानेवारीत त्याची मोठी परीक्षा आहे. तीत जे पास होत नाहीत त्यांना घरी पाठवतात.

त्याला कळवलेलं नाही.

गुरुवारी आईच्या जलदानविधीला मोशीहून मालोजीमामा आले होते. दारातूनच त्यांनी विचारलं, "धाकलं कुठाय? आलं न्हाई?"

मी म्हणालो, "आईनेच नको म्हटलं, मामा. परीक्षा होऊ दे, मग सांगा म्हणाली."

मामा उंबऱ्यावर बसले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. जीव चालला व्हता, तरी माज्या बहिणीनं पोराचं शिक्षान बघितलं." बायका रडू लागल्या. विधीला आलेल्या भन्तेजींनी त्यांच्या बोलण्यातही ते घेतलं. चिमाबाईंसारख्या माता घरोघर असाव्यात, असं म्हणाले.

मी पाणी आणायला मागे गेलो.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

सुट्टी. आमच्या कंपनीला ती गुरुवारी असते. आईचं पत्र जयसिंगला दर पंधरवड्याला जातं. हे गेलं नाही तर त्याला शंका येईल. सकाळी निळं हवाई पत्र घेऊन बसलो. 'चि. जयसिंग यास आईचे अनेक आशीर्वाद' इतकं लिहिलं आणि हात थांबला. मग लिहिलं की प्रकृती ठीक आहे, थंडी पडू लागली आहे, शेजारच्या कस्तुरामावशीच्या शेळीला दोन पिल्लं झाली. शेळीचं खरं आहे.

आई सांगायची तेव्हा ती एकाचं दुसऱ्यात घालायची. मधेच चुलीकडे जायची, येऊन भलतंच बोलायची. मी ते सगळं नीट लावून, चांगल्या भाषेत लिहायचो. म्हणून आजच्या पत्रात आणि आधीच्या पत्रांत काही फरक दिसत नाही. मी दोनदा वाचून पाहिलं. नाही दिसत.

पत्र टाकून निगडीच्या रस्त्याने सायकलने उगाच लांब जाऊन आलो. प्राधिकरणाच्या प्लॉटचे दगड रोवलेत, घरं अजून नाहीत.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

जयसिंगचं पत्र आलं. तो नेहमी दोन पानं लिहितो. एक मोठ्या अक्षरात, आईला वाचून दाखवण्यासाठी, एक माझ्यासाठी. कस्तुरामावशी पोस्टमनला पाहून आलीच. आईबरोबर वीस वर्षं ती ओट्यावर विड्या वळत बसायची आणि पत्रही आईबरोबर ऐकायची. म्हणाली, "वाच की. चिमा न्हाई म्हनून मी बी मेले का?"

मग मोठ्याने वाचलं. बर्फ पडू लागलाय. इतकी थंडी की नाकातले केस ताठ होतात. नाटकाला गेलं की कोट बाहेर एका म्हातारीकडे द्यावा लागतो. कोटाला अडकवायचा बंद तुटलेला असेल तर ती रांगेतल्या सगळ्यांसमोर झापते, 'तुला आई नाही का शिवून द्यायला?' जयसिंगने लिहिलं होतं, 'आई, मी तिला सांगितलं की आहे, पण फार लांब आहे. तर तिने स्वतःच सुई काढली.'

मावशी आधी हसली. मग पदर तोंडात धरून उठून गेली.

माझ्या पानावर त्याने शाळेचं लिहिलं होतं. 'दादा, इथे नाटक करू देत नाहीत. नुसतं बघायला शिकवतात. रोज दोन तास रिकाम्या हातांनी काम करायचं. वस्तू नाही, भांडं नाही, फक्त हात. मी पहिल्यांदा चहा पिऊन दाखवला. आमच्या बाई म्हणाल्या, कप खाली ठेवलास तेव्हा त्याचं वजन कुठे गेलं? मला उत्तर आलं नाही. आमच्यात एक मंगोलियाचा मुलगा आहे. त्याने बाप घोडीची धार कशी काढतो ते दाखवलं. घोडी नव्हती, चरवी नव्हती, पण वर्गात सगळे मागे सरकले, लाथ बसेल म्हणून. एका मुलीने आजी बटाटा कसा सोलते ते दाखवलं. लढाईत उपाशी राहिलेली बाई. सालीबरोबर बटाटा जाऊ नये म्हणून ती श्वास धरून सोलते.

'परीक्षेत घरातल्या एका माणसाचं रोजचं काम दाखवायचं आहे. मी आईचं विडी वळणं घेतलंय. लहानपणापासून पाहिलंय, पण इथे उभा राहिलो की हात अडतात. तू तिच्यासमोर बस आणि ती काय काय करते ते क्रमाने लिहून पाठव. काही गाळू नको. तू तर तपासनीस आहेस.'

२५ नोव्हेंबर, रविवार

दोन दिवस आठवून पाहतोय. सूप, तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचं माप, कात्री. वस्तू सगळ्या आठवतात. अजून फळीवर आहेत. हात आठवत नाहीत.

चौतीस वर्षं मी या घरात तिच्यासमोर जेवलो.

२ डिसेंबर, रविवार

पहिली पाळी सुटल्यावर चार दिवस कस्तुरामावशीच्या ओट्यावर बसलो. वही घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "का रं ज्ञाना, कंपनी आता विड्या काढनार हाय का?"

मी सांगितलं, जयसिंगला शाळेसाठी हवंय.

"विड्या वळायला रशियात गेलं का ते? हितंच वळल्या असत्या की! मी फुकट शिकवलं असतं." मग हात न थांबवता म्हणाली, "आनि तू घाटावर बसल्यावानी का बसलास? म्होरं सरक. दिसतंय का तुला?"

मी सगळं टिपलं. पान मापावर ठेवते, दोन बाजू कापते. चिमटीने तंबाखू घालते, कमी वाटली तर परत थोडी घालते. दोन्ही अंगठ्यांनी गुंडाळते. वरचं तोंड नखाने दुमडते. दोऱ्याचे दोन फेर. दोरा दातांनी तोडते, तुकडा उजवीकडे थुंकते. एका विडीला सरासरी बावीस सेकंद. मी घड्याळ लावून दहा वेळा पाहिलं.

आज उठताना मी विचारलं, "आईचं असंच होतं ना?"

ती म्हणाली, "चिमाचं हात येगळं व्हतं."

"कसे वेगळे?"

"ते आता कसं सांगू बाबा? बघायचं व्हतं की." तिला वाटलं मी रागावलो. मग समजावत म्हणाली, "विडी ती विडी. कोन बघतंय तिकडं. लिही माजंच."

६ डिसेंबर, गुरुवार

वस्तीतले बरेच जण दादरला चैत्यभूमीला गेले. आई दरवर्षी जायची. मी गेलो नाही. दुपारपर्यंत पत्र लिहिलं, दोन पानं भरून. कस्तुरामावशीच्या जागी 'आई' असं लिहीत गेलो. खाली लिहिलं, आई म्हणते, नीट जेवत जा.

टाकून आलो. अंगातून काही काढून टाकावं तसं हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत ते राहिलं नाही.

१६ डिसेंबर, रविवार

आज जेवणाच्या सुट्टीत ज्योतीराम टर्निंग खात्यातून मुद्दाम माझ्याकडे आला. आमचं कामगार नाट्यमंडळ तोच चालवतो. जयसिंगला पहिल्यांदा रंगमंचावर त्यानेच उभं केलं. मीही मंडळात आहे, पण पडद्याआडून संवाद वाचून देणारा. समोर जायचं माझ्याच्याने होत नाही.

ज्योतीराम म्हणाला, "ज्ञानदेव, यंदाच्या स्पर्धेला विषय सापडला राव. तुझी आई."

मला कळेना.

"अरे, मरणाच्या दारात असलेली बाई. थोरला म्हणतो, धाकट्याला बोलावतो. ती म्हणते, बोलावशील तर माझी शपथ आहे. अर्ध्या तासाची एकांकिका. मामांनी सांगितलं तेव्हाच डोक्यात बसलं. शेवटाला एकही माणूस कोरड्या डोळ्याने जाणार नाही, बघ."

"मामांनी तुलाही सांगितलं?"

"मला? पिंपरीत कोणाला सांगायचे राहिलेत ते विचार. आणि हे बघ, आतून वाचायला तूच पाहिजेस. तुझ्यासमोर घडलंय, तुझ्या आवाजात आईचं काम करणाऱ्या बाईला बरोबर सूर लागेल."

मी म्हणालो, बघू.

घरी येऊन डायरी काढली आहे. आता खरं लिहितो. इथेही एक महिना ते लिहिलं नाही.

आईला दवाखान्यात नेलं तो शनिवार होता. छातीत कफ आणि ताप. बुधवारी सकाळी ती चांगली शुद्धीत होती. म्हणाली, "जयाला बोलव रं. तार कर." मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात चार दिवसांत घरी जाशील." ती म्हणाली, "कर तू."

मी पोस्टात गेलो. तारेचा फॉर्म भरला. पत्ता इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. रांगेत माझ्या पुढे दोन माणसं होती. तेव्हा मी विचार केला की तो आला तर परीक्षा बुडेल, परत जायला मिळेल की नाही सांगता येत नाही, आणि ती तर बरी होते आहे. सगळं आयुष्य उभं राहायला आलंय त्याचं. हे मी तेव्हा खरंच मनात म्हटलं. मी फॉर्म फाडला.

परत गेलो तर तिने विचारलं, "केली?"

मी म्हणालो, "केली."

ती तीन दिवस जगली. वॉर्डचं दार उघडलं की मान वळवून बघायची. नर्स असायची, झाडणारी बाई असायची. शुक्रवारी दुपारी म्हणाली, "इमानाला किती येळ लागतो?" मी सांगितलं, दोन दिवस तरी. तिने बोटं मोजली. त्यानंतर जयसिंगबद्दल ती काही बोलली नाही. शनिवारी पहाटे गेली.

म्हणजे तार मिळूनही तो आला नाही, असं समजून ती गेली.

आणखी एक आहे. फॉर्म फाडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. ते का, हे मला सांगता येत नाही. त्या आठ दिवसांत तिला मीच भरवत होतो, मीच कुशीवर वळवत होतो. तिला चमच्याने पेज देताना ती दाराकडे बघायची आणि पेज हनुवटीवर सांडायची. मी पुसायचो. इतकंच आठवतं.

२० डिसेंबर, गुरुवार

ज्योतीरामच्या घरी जाऊन सांगितलं, ते नाटक करू नको. त्याने का विचारलं. मी म्हणालो, तसं झालं नव्हतं. तो हसून म्हणाला, "अरे, नाटकात थोडं इकडचं तिकडं होतंच." मी म्हणालो, "थोडं नाही." पुढे त्याने विचारलं नाही. त्याची बायको चहा घेऊन आली तो प्यायलो आणि निघालो.

३ जानेवारी १९७४, गुरुवार

नवी डायरी मिळाली. जुनीतच लिहितो आहे, मागे बरीच पानं कोरी आहेत.

जयसिंगचं पत्र आलं. या वेळी एकच पान. मोठ्या अक्षरातलं पान नाही.

'दादा, तू लिहून पाठवलंस तसं मी रोज करतोय. पहिल्या दिवशीच हात सरळ चालले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ही बाई मला दिसते, चांगली तोंडाळ बाई आहे. मला वाटलं, आई तर तोंडाळ नाही. मग मी पुन्हा सावकाश केलं. दोरा दातांनी तोडला, उजवीकडे थुंकलो आणि तिथेच थांबलो. दादा, दोरा तोडून थुंकणारी आपल्या वस्तीत एकच बाई आहे. आई नेहमी ओरडायची तिला, माझ्या सुपात थुंकशील म्हणून.

'हे कस्तुरामावशीचे हात आहेत. आईच्या डाव्या हाताचं पहिलं बोट वाकत नाही. ती पान बाकीच्या बोटांत धरते आणि ते एक बोट वरच राहतं, कोणाला तरी 'थांब जरा' म्हणावं तसं. पत्रात ते बोट नाही. तू पाहून लिहितोस तेव्हा चुकत नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणजे तू आईकडे पाहून लिहिलेलं नाहीस.

'का नाही? ती आजारी आहे का? अंथरुणावर आहे का? दादा, आई आहे ना?'

ते बोट मला माहीत होतं. माझ्या लहानपणी पाट्यावर ठेचलं होतं. रोज दिसायचं. वहीत टिपताना एकदाही मनात आलं नाही.

दुपारी सायकल काढून मोशीला गेलो. मामा मळ्यात कांद्याला पाणी देत होते. मला पाहून बांधावर आले, म्हणाले, "ये, बस. च्या सांगतो. तुज्या लगनाचं ठरवून आलास का?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. आई नको म्हणाली नव्हती. बोलव म्हणाली होती. मी तार केली नाही, आणि तिला केली म्हणून सांगितलं.

मामांच्या हातात खोरं होतं. ते त्यांनी वाफ्यात टेकवलं. पाणी एका वाफ्यातून भरून बाहेर वाहायला लागलं तरी त्यांनी वळवलं नाही.

मग म्हणाले, "हे मला कशापायी सांगितलंस?"

"खरं ते..."

"खरं तुज्यापाशी ठिवायचं व्हतंस. मी दोन म्हयने त्याच्यावर जगतोय रं. हितं कोन बी भेटलं की मी सांगायचो, माजी बहीन अशी व्हती. आता काय सांगू? वाट बघत गेली म्हनून सांगू?"

ते वाफा वळवायला गेले. मी थोडा वेळ थांबलो. ते परत बांधाकडे आले नाहीत. मामी घरून चहा घेऊन येत होती, तिला वाटेत सांगितलं की पाळी आहे. आज सुट्टी असते हे तिला माहीत आहे.

५ जानेवारी, शनिवार

काल दुसऱ्या पाळीला जाण्याआधी पत्र लिहिलं. त्याआधी ज्योतीरामला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, अठराला परीक्षा आहे, पंधरा दिवस कळ काढ, उत्तरच देऊ नको. हे बरोबर असेल. पण त्याने विचारलंय, आणि उत्तर न देणं म्हणजे पुन्हा मी ठरवलं असं होतं.

आईची तारीख लिहिली. दवाखाना लिहिला. ती काय म्हणाली आणि मी काय केलं ते लिहिलं. दार लिहिलं, बोटं मोजली ते लिहिलं. नोव्हेंबरपासून तिच्या नावाने गेलेलं सगळं माझं आहे, हे लिहिलं. परीक्षेचं कारण खाली लिहिलं होतं, ते वाचताना माझाच मला राग आला, म्हणून खोडलं. खोडलेलं त्याला दिसेल. क्षमा कर, हे कुठे घालायचं ते कळलं नाही. शेवटी जागा उरली नाही आणि ते राहिलं.

सकाळी टाकलं.

१८ जानेवारी, शुक्रवार

दुसरी पाळी. आज त्याची परीक्षा. पत्र पोचलं असेल किंवा नसेल. आज माझ्या हातून एक वाईट गिअर डावीकडे गेला. सुपरवायझर उद्धवराव म्हणाले, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा हो, ज्ञानदेव." त्यांनी तो स्वतःच उचलून उजवीकडे ठेवला.

४ फेब्रुवारी, सोमवार

त्याचं पत्र आलं. हातात घेऊन अर्धा तास बसलो, मग फोडलं.

'दादा, तुझं पत्र सोळाला मिळालं. मी ते खानावळीच्या रांगेत उभा राहून वाचलं. मंगोलियाच्या मुलाने माझं ताट उचलून ठेवलं आणि मला खोलीवर नेलं. त्याला मराठी येत नाही, मला त्या वेळी रशियन सुचत नव्हतं. तो रात्र होईपर्यंत बसून राहिला.

'अठराला मी वर्गात उभा राहिलो. विड्या वळल्या नाहीत. बाईंना म्हणालो, मी दुसरं दाखवतो. मी जमिनीवर आडवा झालो आणि दाराकडे बघितलं. एकदा मान वळवली, परत सरळ केली. पुन्हा वळवली. मग बोटं मोजली. डाव्या हाताचं पहिलं बोट सोडून मोजली, कारण ते वाकत नाही. मग बघणं बंद केलं. एवढंच. किती वेळ गेला मला माहीत नाही.

'बाईंनी विचारलं, कोण येणार होतं? मी म्हणालो, मी.

'मला वर्गात सगळ्यांत चांगले गुण दिले आहेत. पुढच्या वर्षात घेतलं आहे. दादा, दोन दिवस झाले होते मला कळून. दोन दिवसांत मी तिचं ते करून दाखवलं, आणि करताना मला हेही कळत होतं की चांगलं होतंय. तू फॉर्म फाडलास तेव्हा तुला काय वाटलं ते मी तुला विचारत नाही. तूही मला विचारू नको. गुणांचं मामांना सांगू नको. कोणालाच सांगू नको.

'या उन्हाळ्यात मी येत नाही. येऊन कुठे बघायचं ते मला कळत नाही. तू पत्र लिहीत राहा, पण तुझं लिही.'

शिवी असती तर बरं झालं असतं. तो मला दोष देत नाही. मी विचार केला की माझ्यामुळे त्याला दोष द्यायलाही जागा राहिली नाही. त्याचा राग यायला हवा का, तेही कळत नाही. मी तिच्या तीन दिवसांत तिथे होतो. तो नव्हता, आणि त्याला ते बोट दिसलं. बोटं मोजताना तिचं ते बोट सरळ राहिलं होतं का? राहिलं असणारच. मला दिसलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. सकाळी मामा आले. महिन्यानंतर. बरोबर कांद्याची पिशवी होती, ती त्यांनी दारात टेकवली, आत आले नाहीत. कस्तुरामावशी तिच्या ओट्यावरून म्हणाली, "पाव्हनं, बसा की! बहीन गेली म्हनून ओटा पारका झाला का?"

"बसतो पुन्यांदा," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोराची परीक्षा कशी झाली?"

मी म्हणालो, "झाली."

"पास हाय ना?"

"हाय."

ते मान हलवत उभे राहिले. म्हणाले, "तिला बरं वाटलं असतं." आणि बसच्या दिशेने गेले. मी वळणापर्यंत बघत होतो. त्यांनी मागे पाहिलं नाही.

दुपारी जयसिंगला पत्र लिहायला बसलो. 'तुझं लिही' असं त्याने लिहिलंय. माझं काय लिहायचं ते सुचेना. पाळी बदलली, असं लिहिलं. मामा कांदे देऊन गेले, असं लिहिलं. एवढ्यात नळाला पाणी आलं. कागद उडू नये म्हणून त्यावर वाटी पालथी ठेवली, हंडा नळाखाली लावला आणि तो भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.